जन्मस्थळाचा रकाना

एप्रिल १९४० मध्ये अमेरिकेतले प्रगणक जनगणनेसाठी घरोघर निघाले, तेव्हा त्यांच्या हातातल्या तक्त्यात जन्मस्थळाच्या रकान्यावर एक अजब अट छापलेली होती. माणूस परदेशात जन्मलेला असेल, तर त्याचं जन्मगाव १ जानेवारी १९३७ रोजी ज्या देशात होतं त्या देशाचं नाव लिहायचं. तो जन्मला तेव्हा त्या गावावर कोणाचं राज्य होतं, हे विचारायचं नाही. आज कोणाचं आहे, हेही विचारायचं नाही. सव्वातीन वर्षांपूर्वीच्या एका ठरावीक दिवशी ते कोणाच्या हद्दीत होतं, तेवढं सांगा.

त्या दिवशी युरोपच्या नकाशात काहीही घडलेलं नाही, आणि तीच त्या तारखेची थोरवी. पुढे मार्च १९३८ मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला, त्याच वर्षी चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडला, पुढच्या मार्चमध्ये तो देशच संपवला आणि सप्टेंबरमध्ये पोलंड जर्मनी आणि सोव्हिएत रशिया यांनी वाटून घेतला. या सगळ्याच्या आधीचा नकाशा प्रमाण धरायचा, असं वॉशिंग्टनच्या कचेरीनं ठरवलं. सूचनेत हिटलरचं नाव नाही, निषेधाचा शब्द नाही. नुसती तारीख आहे. जनगणना खात्याचा हेतू निव्वळ हिशेबी असेल. हलत्या नकाशावर आकडे मांडता येत नाहीत. पण एवढ्याशा ओळीत एवढा इतिहास दाबून बसवलेला मी सरकारी कागदावर दुसरीकडे पाहिलेला नाही.

अमेरिकेत दर दहा वर्षांनी होणाऱ्या जनगणनेचे मूळ तक्ते ७२ वर्षं बंद ठेवतात आणि मग सर्वांना खुले करतात. १९४० चे २०१२ मध्ये खुले झाले, १९५० चे २०२२ मध्ये. लोक त्यांत आपले आजे-पणजे शोधतात. माझं तिथे कोणी नाही, त्यामुळे मला घाई नसते. मी ते तक्ते चवीनं वाचू शकतो. वंशावळ जुळवणाऱ्याचं तसं नाही. त्याला एका प्रश्नाचं एकच उत्तर हवं असतं: पणजोबा मूळचे कुठले? तक्ते त्याला दर दहा वर्षांनी निराळं उत्तर देतात. मग तो प्रगणकाला अडाणी ठरवतो, पणजोबांना विसराळू ठरवतो आणि शेवटी आजच्या नकाशात बोट ठेवून एक नाव निवडतो. माझं म्हणणं असं, की त्या उत्तरांपैकी बहुतेक बरोबर आहेत. दर वेळी विचारलेला प्रश्नच वेगळा होता, आणि या रकान्याची सगळी गोडी त्या बदलत्या प्रश्नात आहे.

सुरुवात साधीच आहे. १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव आणि जन्मस्थळ लिहू लागले; गुलामांची नावं नाहीत, ते मालकाच्या नावाखाली नुसते आकडे. १८७० च्या सूचना सांगतात की ग्रेट ब्रिटन लिहू नका, इंग्लंड, स्कॉटलंड की वेल्स ते लिहा. जर्मनी लिहू नका, प्रशिया, बाडेन, बव्हेरिया, वुर्टेम्बर्ग, हेस-डार्मश्टाट असं राज्याचं नाव लिहा. जर्मन साम्राज्य जाहीर व्हायला तेव्हा अजून काही महिने होते. ते झालं जानेवारी १८७१ मध्ये. त्यामुळे त्या वर्षीच्या पानांवर कोणी पाववाला किंवा सुतार 'हेस-डार्मश्टाट' एवढं लांबलचक नाव घेऊन चिंचोळ्या चौकटीत दाटीनं बसलेला दिसतो. तोच माणूस म्हातारपणी १९०० च्या तक्त्यात आरामात 'जर्मनी' होतो. १८८० पासून आईबापांच्या जन्मस्थळांचेही रकाने आले. १८९० चे तक्ते जवळजवळ सगळे गेले. १९२१ साली वॉशिंग्टनमध्ये लागलेल्या आगीनं आणि ती विझवणाऱ्या पाण्यानं त्यांची वाट लावली. जाता जाता एक सांगायला हवं: बोटीवर जन्मलेल्यासाठी 'समुद्रावर' असं लिहायची सोय होती. एवढी एकच नोंद अशी, की जिच्यावर पुढे कोणत्याही तहाचा परिणाम झाला नाही.

१९०० च्या सूचना लिहिणाऱ्या कारकुनाबद्दल मात्र मला आदर आहे. बोहेमियात जन्मलेल्याला ऑस्ट्रियाखाली घालू नका, बोहेमिया लिहा. फिनलंडमध्ये जन्मलेल्याला रशियाखाली घालू नका, फिनलंड लिहा. दोन्हीपैकी एकही तेव्हा स्वतंत्र देश नव्हता. समोरचा जर्मन बोलतो म्हणून जर्मनी असं ठोकून देऊ नका. ऑस्ट्रियातले एक तृतीयांशाहून जास्त आणि स्वित्झर्लंडमधले सुमारे पाऊण लोक जर्मनच बोलतात, तेव्हा नीट चौकशी करा. आणि मग पोलंड. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन घासांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियानं तो देश फस्त केला होता. सूचना हे मान्य करते, असा देश सध्या नाही असं स्वच्छ सांगते, आणि लगेच पुढे म्हणते की पोलिश बोलणारा भेटला तर जर्मन पोलंड, ऑस्ट्रियन पोलंड की रशियन पोलंड ते विचारा, आणि 'पोलंड' असं लिहून पुढे कंसात राज्यकर्त्याचं नाव घाला.

या कंसाकडे जरा थांबून पाहायला हवं. जो देश अस्तित्वात नाही तो कंसाबाहेर, आणि जे साम्राज्य कर वसूल करतंय, पोरं सैन्यात नेतंय, ते कंसात. व्हिएन्नाच्या किंवा सेंट पीटर्सबर्गच्या कारकुनानं हा कंस असा घातला नसता. यात पोलिश देशभक्ती नव्हती. प्रगणकाला दारात जे ऐकू येणार होतं त्याचा व्यवहारी अंदाज होता. दारातला माणूस 'पोलंड' म्हणणार, मग पुढचं विचारून घ्यायचं. तरीही परिणाम असा झाला की लोकांच्या तोंडातलं नाव पहिलं आलं.

१९१० ला कंस गेला आणि त्याच्या जागी एक अपघात झाला. तक्ते छापून तयार होते, मोजणी १५ एप्रिलची होती, आणि मार्चच्या उत्तरार्धात काँग्रेसनं कायद्यात दुरुस्ती करून मातृभाषा विचारणंही सक्तीचं केलं. नवा रकाना आणायचा कुठून? मग ठरलं की जन्मस्थळाच्या रकान्यातच देशाच्या नावापुढे भाषा बसवायची. जागा तेवढीच, मजकूर दुप्पट. देशाचं नाव आखडलं, भाषा मात्र पूर्ण राहिली: 'ऑस्ट. पोलिश', 'रश. यिडिश'. प्रगणकाला सूचना होती की 'ऑस्ट्रियन' अशी भाषा लिहू नका, ती कोणाची मातृभाषा नसते. 'स्लाव्हिक' असंही मोघम लिहू नका, स्लोव्हाक, स्लोव्हेनियन असं नेमकं विचारा.

हा रकाना जवळून पाहायचा तर एक गाव धरून पाहू. सान नदीकाठचं प्शेमिशल घ्या. १७७२ पासून १९१८ पर्यंत ते ऑस्ट्रियाच्या गॅलिशिया प्रांतात होतं; भोवती मोठा किल्ला, पहिल्या महायुद्धात रशियनांनी लांबलचक वेढा घातला तो हाच. गावात पोलिश, रुथेनियन (आज ज्यांना युक्रेनियन म्हणतात ते) आणि ज्यू असे तिन्ही लोक नांदत. समजा, एकाच गल्लीतली तीन माणसं अमेरिकेत येऊन शिकागोला एका चाळवजा इमारतीत राहिली. १९०० च्या नियमावर बोट ठेवलं असतं तर पहिला 'पोलंड', कंसात ऑस्ट्रिया. बाकी दोघांचं काय करायचं, याबद्दल सूचना गप्प आहे. १९१० च्या नियमानं तिघांचा देश एकच आणि पुढे तीन निराळ्या भाषा: 'ऑस्ट. पोलिश', 'ऑस्ट. रुथेनियन', 'ऑस्ट. यिडिश'. तीन ओळी एकाखाली एक वाचल्या की ते गाव उभं राहतं. कोण कोणाशी कोणत्या भाषेत भांडत असेल, दुकानात कोणती भाषा आणि सरकारी कचेरीत कोणती, असे प्रश्न आपोआप सुचायला लागतात.

तिसऱ्या ओळीत तर आणखी एक गंमत आहे. ऑस्ट्रियाची स्वतःची जनगणना मातृभाषा विचारत नसे. रोजच्या व्यवहाराची भाषा विचारी, आणि तिच्या मान्य भाषांच्या यादीत यिडिश नव्हतीच. गॅलिशियातला ज्यू त्या कागदांवर बहुतेक वेळा पोलिशभाषक म्हणून मोजला जाई, काही ठिकाणी जर्मनभाषक म्हणून. म्हणजे सम्राट फ्रान्झ जोसेफच्या जनगणनेत जी भाषा बोलायची सोय नव्हती, ती या माणसानं समुद्र ओलांडल्यावर एका अनोळखी प्रगणकाच्या दौतीतून मिळवली. अमेरिकेची जनगणना धर्म विचारत नाही, म्हणून पुढच्या अभ्यासकांनी ज्यू घरं शोधायला याच शब्दाचा आधार घेतला. छपाईनंतर घुसडलेल्या एका पुरवणी प्रश्नानं एवढं काम केलं.

अर्थात प्रगणकही माणूसच. ओळीमागून ओळ तेच लिहायचा कंटाळा आला की तो वरच्यासारखंच अशी खूण करत खाली उतरतो. पोलिश नवऱ्याच्या खाली रुथेनियन बायको असली तर तीही त्या खुणेसरशी पोलिश होऊन जाते. खुणांची अशी लांब साखळी दिसली की मी सावध होतो. जिथे प्रगणकानं दर ओळीला नव्यानं अक्षरं काढली आहेत, तिथे त्यानं खरोखर विचारलं असावं.

१९२० ची जनगणना १ जानेवारी या तारखेची. व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या होत्या, पण तो अमलात आला १० जानेवारीला. हंगेरीच्या हद्दी ठरवणारा त्रियानोंचा तह जूनमध्ये व्हायचा होता, पोलंड आणि सोव्हिएत रशिया यांच्यातली सीमा ठरायला १९२१ चा मार्च उजाडायचा होता. अशा वेळी कचेरीनं काय करावं? तिनं मोठ्या नावाचा नाद सोडला. जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी, रशिया किंवा तुर्कस्तान असं कोणी म्हणालं तर तेवढ्यावर थांबू नका, प्रांत विचारा. प्रांत ठाऊक नसेल तर गाव विचारा आणि तेच लिहा. भाषेलाही आता स्वतःचा रकाना मिळाला. त्यामुळे या एका वर्षी चौकटींतून 'गॅलिशिया', 'पोझेन', 'अल्सास-लोरेन' अशी नावं येतात, आणि मध्येच कुठे तरी एखादं गाव, प्रगणकाच्या कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं. 'प्शेमिशल' हा उच्चार आयोवातल्या किंवा इलिनॉयमधल्या कानानं कसा पकडला असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

मला विचाराल तर या सगळ्या आवृत्त्यांत १९२० ची सर्वांत सुज्ञ. आपल्याला उत्तर माहीत नाही, हे कबूल करून विचारलेला प्रश्न सरकारी कागदावर सहसा सापडत नाही. कोणता देश ते राजकारणी ठरवतील, तोवर गावाचं नाव तरी नीट लिहून ठेवू, एवढीच तिची भूमिका. आज वंशावळ शोधणाऱ्याला सगळ्यात जास्त माल याच वर्षात मिळतो. आधीच्या तीस वर्षांच्या नोंदींत नुसतं 'ऑस्ट्रिया' वाचून लोक व्हिएन्नाच्या आणि तिरोलच्या चर्चमधली दप्तरं धुंडाळत बसतात, आणि गाव निघतं तिथून कित्येक शे किलोमीटर दूर, कार्पेथियन डोंगरांच्या पलीकडे.

१९३० ला आत्मविश्वास परत आला. पहिल्या महायुद्धानंतर ज्यांचा मुलूख गेला अशा सहा देशांची यादी प्रगणकाच्या हाती दिली: ऑस्ट्रिया, हंगेरी, बल्गेरिया, जर्मनी, रशिया आणि तुर्कस्तान. कोणी यांपैकी नाव घेतलं तर विचारायचं, तुझं गाव आजच्या हद्दीत येतं का; नसेल येत तर ते कोणाला गेलं? घर सोडून पंचवीस वर्षं झालेल्या खाणमजुरानं ही माहिती ठेवावी, अशी अपेक्षा. आयर्लंडवाल्यालाही सांगायचं होतं, मुक्त राज्य की उत्तर आयर्लंड. तो निघाला तेव्हा बेट एकच होतं. आणि हाच नियम आईबापांच्या रकान्यांनाही लागू. १९०५ साली प्शेमिशलमध्ये वारलेला बाप, ज्यानं आयुष्यभर ऑस्ट्रियाचा सम्राट पाहिला, १९३० मध्ये मुलाच्या नावापुढे 'पोलंड' होऊन बसतो. मरणोत्तर नागरिकत्वच म्हणायचं. वंशावळीत 'पिता: पोलंड' असं उतरवून घेणाऱ्यानं आधी तक्त्याचं साल बघावं.

मग आपलं १९४०. तेव्हा प्शेमिशलमधून वाहणारी सान नदी हीच सरहद्द झाली होती. उजव्या काठावरचं जुनं शहर सोव्हिएत रशियाकडे, डाव्या काठावरची वस्ती जर्मनांकडे. एका गावाचे दोन देश, आणि दोन्हीही पोलंड नव्हेत. शिकागोतल्या तक्त्यात मात्र तिन्ही शेजाऱ्यांपुढे 'पोलंड' असंच येणार, कारण प्रश्न १९३७ चा होता. आज ते गाव पोलंडमध्येच आहे, युक्रेनच्या सरहद्दीला लागून. त्यामुळे १९४० चा रकाना वाचून आजचा माणूस बेसावध राहतो. मधलं काही झालंच नाही असं वाटतं. नुसतं पूर्वेकडे सरकून लव्होव्ह घ्या, त्याच चौकटीत 'पोलंड' आणि आजच्या नकाशात युक्रेन.

१९४० ची आणखी एक देणगी आहे, ती मला फार आवडते. घरातल्या ज्या माणसानं माहिती सांगितली त्याच्या नावापुढे वर्तुळात फुलीची खूण करायची होती. त्याआधीच्या सगळ्या तक्त्यांत बोलणारा अदृश्य आहे. नवरा कामावर, बायकोला इंग्रजी येत नाही, मग आठ वर्षांची मुलगी सांगते किंवा खालच्या मजल्यावरची शेजारीण सांगते, आणि आपण ते पणजोबांचं निवेदन समजून वाचतो. कथेत निवेदक कोण, हे कळल्याशिवाय आपण कथेवर बोलत नाही. इथे मात्र लोक न विचारता विश्वास टाकतात. त्या छोट्या फुलीनं निवेदक उघड केला. अमुक घराचं 'पोलंड' हे सासूनं सांगितलंय, हे कळलं की त्या शब्दाचं वजनच बदलतं. दुर्दैवानं त्याच वर्षी आईबापांच्या जन्मस्थळाचे प्रश्न सगळ्यांना न विचारता नमुन्यादाखल पाच टक्के लोकांनाच विचारले, आणि एक चांगला धागा तिथे बारीक झाला.

हे सगळं कागदी खेळासारखं वाटत असेल तर १९२४ चा कायदा आठवावा. त्यानं ठरवलं की अमेरिकेत वर्षाला सुमारे दीड लाख परदेशी येतील आणि त्यांचे वाटे १९२० च्या लोकसंख्येच्या मूळ देशांप्रमाणे पडतील. म्हणजे आजे-पणजे कुठले, यावरून पुढच्या माणसाला आत घ्यायचं की नाही ते ठरणार. त्यासाठी एक समिती बसली आणि तिच्यापुढे याच रकान्यांचा ढीग आला. 'ऑस्ट्रिया' म्हणून मोजलेल्या लोकांपैकी किती पोलंडचे, किती चेकोस्लोव्हाकियाचे, किती युगोस्लाव्हियाचे? त्याहून मागे गेलं की १७९० च्या जनगणनेत जन्मस्थळ विचारलेलंच नव्हतं. तिथे आडनावांवरून मूळ ताडायचं ठरलं. म्युलरचा मिलर झालेला असला की तो इंग्रजांच्या खात्यात जमा. त्या आडनावांच्या हिशेबात इंग्रज फार झाले अशी ओरड झाली, विद्वानांनी तो पुन्हा तपासला, आणि नवे वाटे लागू व्हायला १९२९ उजाडलं. आपल्याकडच्या लोकांचा त्या वाटणीत प्रश्नच नव्हता. हिंदुस्थानला १९१७ च्या कायद्यानंच दार बंद केलेलं होतं. आधी पोचलेल्या माणसाला १९२० ते १९४० च्या तक्त्यांत वंशाच्या रकान्यात सरसकट 'हिंदू' लिहीत, मग तो पंजाबातला शीख का असेना.

आता वंशावळी संगणकावर होतात आणि तिथे रकान्याला तयार यादी जोडलेली असते. देशाचं नाव निवडा म्हणतात. देशांच्या आंतरराष्ट्रीय संकेतांची यादी १९७४ सालची, त्यामुळे ऑस्ट्रिया-हंगेरीला तीत जागाच नाही. नंतर मावळलेल्या देशांसाठी वेगळी पुरवणी यादी केली: पूर्व जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया, युगोस्लाव्हिया, सोव्हिएत संघ. तीत सिक्कीमही आहे. १९७५ मध्ये ते भारतात आलं म्हणून त्याच्या जुन्या संकेताला शेवटी भारताची दोन अक्षरं चिकटवलेली. हे बरंच आहे, पण यादीतून निवडलेलं नाव मला पसंत नाही. घटना घडली त्या दिवशी गाव ज्या प्रांतात, ज्या राज्यात होतं ते लिहावं, आजचा देश पाहिजे तर पुढे टीप म्हणून द्यावा, आणि तक्त्यात जे अक्षरशः लिहिलंय ते न सुधारता वेगळं जपावं. एकाला पुसून दुसरं लिहिलं की माणूस हातचा जातो. निकोला टेस्लाचंच पाहा. १८५६ मध्ये स्मिल्यान गावी जन्म, आईबाप सर्ब, गाव ऑस्ट्रियाच्या लष्करी सीमाप्रदेशात, आज क्रोएशियात. सर्बियाच्या शंभर दिनारांच्या नोटेवर तो आहे आणि क्रोएशियाच्या युरो नाण्यांवरही. 'देश' या एका चौकटीत त्याला कोंबायला गेलं की दोन्हीकडून ओरड होते. 'स्मिल्यान' लिहिलं की कोणी हरकत घेत नाही.

आपल्याकडे कुलवृत्तांत लिहिणाऱ्यांनी मूळ गावाला पहिला मान दिला आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्याही गावावरून उघडतात, हे त्या दृष्टीनं शहाणपणाचंच. पण त्या पद्धतीत उलटी वजाबाकी होते: वरचं राज्य गळून जातं. मंगेशकरांचं घर घ्या. मास्टर दीनानाथ १९०० साली मंगेशीला जन्मले, तेव्हा गोवा पोर्तुगालचं. लता १९२९ मध्ये इंदूरला, होळकरांच्या संस्थानात. आशा १९३३ मध्ये सांगलीला, पटवर्धनांच्या संस्थानात. आजची वंशावळ तिघांपुढे 'भारत' लिहून मोकळी होईल. चूक म्हणता येणार नाही, पण एका बिऱ्हाडाच्या फिरतीत तीन राज्यं ओलांडली गेली, नाटक कंपनीचा तंबू कोणत्या दरबाराच्या हद्दीत पडला, हे सगळं त्या एका शब्दाखाली दिसेनासं होतं. आणि गोव्यात तर हा रकाना अजून जिवंत आहे. १९६२ च्या आदेशानं २० डिसेंबर १९६१ पूर्वी तिथे जन्मलेल्यांना भारतीय नागरिक मानलं. पोर्तुगालच्या कायद्याला ते जन्मानं पोर्तुगीज वाटतात. म्हणून कित्येक गोवेकर आजोबांचा जन्म आज लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कचेरीत उतरवून घेतात आणि नातवाच्या हाती पोर्तुगीज पासपोर्ट पडतो.

अमेरिकेतल्या तक्त्यांशेजारी नागरिकत्वाचे अर्ज ठेवून वाचावेत, असं मी सुचवीन. १९०६ च्या कायद्यानंतर ते एका नमुन्यात आले. पहिल्या अर्जात इरादा जाहीर करायचा, काही वर्षांनी दुसऱ्यात विनंती करायची, आणि दोन्हीकडे जुन्या राज्यकर्त्याचं नाव घेऊन त्याच्यावरची निष्ठा सोडायची. आपला प्शेमिशलचा माणूस १९१३ मध्ये पहिला अर्ज भरतो तेव्हा ऑस्ट्रियाचा सम्राट आणि हंगेरीचा राजा फ्रान्झ जोसेफ याची निष्ठा सोडतो. दुसरा अर्ज १९२० मध्ये. सम्राट मेलेला, साम्राज्यही मेलेलं. कारकून छापील ओळीतल्या रिकाम्या जागेत नवं नाव घालतो, आणि हा गृहस्थ पोलंडच्या प्रजासत्ताकावरची आपली निष्ठा शपथेवर सोडून देतो. त्या प्रजासत्ताकात तो एक दिवससुद्धा राहिलेला नसतो.